ठेचा आपला, मिरची कुणाची?

आज फवारणी नाही, खत नाही, अनुदानही नाही. आज थोडी प्रश्नमंजूषा. सरपंच, ग्रामसेवक, तलाठीभाऊ यांनीही भाग घ्यायला हरकत नाही. अट एकच, आधी मनाशी उत्तर ठरवायचं आणि मग पुढं वाचायचं.

पहिला प्रश्न. आपल्या नगर-पुणे पट्ट्यात तीन हजार वर्षांपूर्वी शेतातलं मुख्य पीक कोणतं होतं? ज्वारी म्हणालात ना? चूक. जव, म्हणजे आपला सातू. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ पासून बरीच वर्षे उत्खनन केलं. तिथं मिळालेल्या जळक्या धान्यावरून जव हे त्या लोकांचं मुख्य पीक ठरलं. पुराचं पाणी वळवून घेण्यासाठी त्यांनी खोदलेला चर आणि घातलेला बांधही तिथंच सापडला. आणि आपण समजतो, पाणी अडवणं ही अलीकडची योजना आहे!

दुसरा प्रश्न. ज्वारी, बाजरी आणि मढीच्या यात्रेतल्या बाजारात विकलं जाणारं गाढव, या तिघांत सारखं काय? हसू नका. तिघंही मूळचे आफ्रिकेतले. ज्वारी सुदानकडची, बाजरी सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेची. दोन्ही पिकं भारतात आली त्याला साधारण चार हजार वर्षे झाली असं अभ्यासक मानतात. एवढा काळ इथं राहिल्यावर त्यांना परकं कोण म्हणणार, ते सोडा.

आता सोपा प्रश्न. देवगिरीच्या यादवांच्या काळी मिरचीचा ठेचा कसा करत? करतच नसत, कारण मिरचीच नव्हती. तिखटाला मिरी, पिंपळी, आलं. मिरची अमेरिका खंडातली, पोर्तुगिजांच्या जहाजातून सोळाव्या शतकात आपल्याकडं आली. ठेच्यात घालतो तो शेंगदाणाही तिकडचाच. मका, बटाटा, टोमॅटो, पेरू, पपई हेही तिकडचे. सीताफळाला आपण सीतामाईचं नाव दिलं, पण झाड अमेरिकेतलं.

बांधावर गेलं की कुणीतरी सांगतंच, "साहेब, आमच्या आज्या-पणज्यानं पेरलं तेच आम्ही पेरणार." बरोबर आहे. पण कुठल्या तरी पणज्यानं कधीतरी पहिल्यांदा मिरचीचं रोप लावलंच की. माझा अंदाज असा, की त्यानं ते मोटेच्या कडेला चार सऱ्यांत लावून पाहिलं असेल, दुकानदार म्हणाला म्हणून सगळं रान त्याखाली घातलं नसेल.

सगळेच पाहुणे गुणाचे नसतात. फड्या निवडुंग जुन्या माणसांना विचारा. तोही अमेरिकेतला. त्याची गोष्ट फार गमतीची आहे. ईस्ट इंडिया कंपनीला कापड रंगवायला लाल रंग हवा होता. निवडुंगावर जगणाऱ्या एका किड्यापासून तो रंग निघतो. म्हणून १७९५ च्या सुमारास ब्राझीलहून किडे आणले. पण आला भलताच किडा. रंग काही नीट निघेना, मात्र त्यानं तिकडच्या एका जातीच्या निवडुंगाचा फडशा पाडला. किडा सोडून तण मारल्याचं जगातलं हे सगळ्यात जुनं उदाहरण मानलं जातं. पुढं दुसऱ्या जातीचा निवडुंग दख्खनमध्ये माजला, तेव्हा १९२६ साली श्रीलंकेहून त्याच कुळातला दुसरा किडा आणला. त्यानं तो निवडुंग आटोक्यात आणला. हा किडा सीताफळावरच्या पिठ्या ढेकणाचा लांबचा भाऊबंद. पांढरा कापूस अंगावर घेऊन बसतो. म्हणजे एकाच खानदानात एक शेतकऱ्याच्या कामाचा, दुसरा मुळावर उठलेला.

गाजरगवत तर कालपरवाचं. १९५५-५६ च्या सुमारास ते पुण्यात नजरेस आलं. तेव्हा उपटलं असतं तर, असो. त्याची पानं खाणारे मेक्सिकन भुंगे १९८४ साली बंगळुरूला सोडले होते. पावसाळ्यात गाजरगवतावर दिसले तर मारू नका.

मग अस्सल इथलं काय? तूर, मूग, मटकी आणि हुलगा. यांचं मूळ भारतातच. ज्या हुलग्याला आपण घोड्याचं खाणं म्हणून नाक मुरडतो, तोच खरा घरचा. पाथर्डीसारख्या कमी पावसाच्या तालुक्यात, हलक्या रानात, दुसरं पीक माना टाकतं तेव्हा तो तग धरतो. पण त्याला भाव नाही म्हणून पेरा कमी, पेरा कमी म्हणून बी नाही. शेंगोळीपुरतं पीठ दुकानातून येतं. बी एकदा घरातून गेलं की पैसे देऊनही तेच वाण मिळत नाही. आपल्याच जिल्ह्यात, अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणं घरात जपलं आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

ग्रामसेवकांसाठी एक प्रश्न राखून ठेवलाय. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे गावाची लोक जैवविविधता नोंदवही असते. तुमच्या नोंदवहीत हुलग्याची, मटकीची गावरान वाणं लिहिली आहेत का? नसतील तर तिसगावच्या बाजाराला येणाऱ्या म्हाताऱ्या आजीबाईंना विचारा. राखेत घालून ठेवलेलं बी कुणाच्या माळ्यावर आहे, हे त्यांना ठाऊक असतं. नाव, रंग, किती दिवसांत काढणीला येतं, एवढं लिहून घ्या. आणि यंदा खरिपात मूठभर बी मागून बांधाकडेच्या दोन सऱ्या त्याला द्या.