शेष, मच्छिंद्र आणि वेशीवरचा वाघ : बसून करायचा एक छोटा आसनक्रम

मागच्या व्याख्यानानंतर काहींनी विचारलं, की डहाणू-तलासरीकडे आसनं शिकवताना तुम्ही गोष्टी सांगता, त्या कशासाठी? माणसं रमावीत म्हणून? प्रश्न रास्त आहे. आज तो पंधरा मिनिटांचा क्रमही सांगतो आणि गोष्टीचं काम काय तेही. एके ठिकाणी माझी गोष्ट चुकली, ते तर सांगायलाच हवं.

गोष्टीशिवाय आसन होतं, हे आधीच मान्य करून टाकू. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि योगक्रिया प्रयोगशाळेत तपासायला घेतल्या. क्ष-किरणांना काही पुराण लागत नाही. मग पुराण येतं कुठून? येतं ते पतंजलींच्या पाठोपाठच. आसन स्थिर असावं आणि सुखाचं असावं, एवढं सांगून ते लगेच उपाय देतात : प्रयत्न सैल सोडा आणि मन अनंताशी जोडा. आता हा अनंत कोण? एक अर्थ अमर्याद, आकाशासारखं. वाचस्पतिमिश्र मात्र ‘तत्त्ववैशारदी’त म्हणतात, अनंत म्हणजे शेष, हजार फणांवर पृथ्वी तोलून धरणारा. तत्त्वज्ञान शिकवत होतो तोवर मला पहिला अर्थ भारदस्त वाटायचा. आसनं शिकवायला लागलो आणि दुसऱ्याकडे वळलो. ‘अमर्यादाचं चिंतन करा’ म्हटलं की माणूस कपाळाला आठ्या घालतो. ‘डोक्यावर पृथ्वी आहे, सांडू देऊ नका’ म्हटलं की मान आपोआप सरळ होते. तलासरीच्या पाड्यांवर डोईवर हंडे वाहणाऱ्या बायकांना तर तेवढंही सांगावं लागत नाही!

तर पहिलं हे, शेषासारखं बसणं. साधी मांडी. गुडघे कमरेच्या वर राहत असतील तर बुडाखाली गोधडीची घडी घ्या. दहा श्वास.

मग समुद्रमंथन. हात गुडघ्यांवर ठेवून कमरेपासून धड गोल फिरवायचं, पाच वेळा एकीकडून, पाच वेळा दुसरीकडून. धड म्हणजे मंदार पर्वत. पण सगळी गंमत खालच्या कूर्माची. बैठक हलली की पर्वत बुडाला. म्हणून वर्तुळ लहान चालेल, बूड उचललेलं चालणार नाही.

तिसरं जरा सावकाश घेऊ. डावा पाय लांब, उजवं पाऊल डाव्या गुडघ्याशेजारी, डाव्या हातानं उजवा गुडघा धरा, उजवा हात पाठीमागे टेकवा, श्वास सोडत उजवीकडे वळा. नंतर दुसऱ्या बाजूला. याला वक्रासन म्हणतात. अर्धमत्स्येंद्रासनाची ही अलीकडची पायरी. मत्स्येंद्र म्हणजे आपले मच्छिंद्रनाथ. ज्ञानेश्वरीच्या शेवटी माउली आपली गुरुपरंपरा सांगतात, तिथे ही कथा आहे. क्षीरसागराकाठी शंकर पार्वतीच्या कानात गुज सांगताहेत आणि माशाच्या पोटात लपलेला कुणीतरी ते ऐकतो आहे. म्हणून मी ‘आणखी वळा’ म्हणत नाही, ‘मागचं ऐका’ म्हणतो. ऐकणारा माणूस मान हिसकत नाही.

तिथेच पुढे येतं, की हे मत्स्येंद्र सप्तशृंगीवर मोडलेल्या अवयवांच्या चौरंगीला भेटले आणि तो पूर्ण झाला. डहाणूच्या वर्गात गुडघा बदललेले एक निवृत्त गृहस्थ होते. खुर्चीवर बसून करायची त्यांना लाज वाटे. त्यांना मी चौरंगीचं सांगितलं, त्यावर ते फक्त हसले. मग विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची आठवण दिली. डोंगर चढताना एक गरोदर भक्तीण थकून पडली, तेव्हा देवी स्वतः पायथ्याशी आली, असं तिकडे सांगतात. हे मात्र त्यांना लागलं. लहानपणापासून दर चैत्रात जत्रेला जाणारा माणूस तो! दुसऱ्या दिवशी स्वतःच खुर्ची ओढून बसले. (गरोदर बायकांनी आणि पाठीच्या मणक्याचं दुखणं असलेल्यांनी हा पीळ घेऊ नये. देवीनं सांगितलंय असं समजा.)

चौथं सिंहासन. तळवे गुडघ्यांवर, बोटं पसरलेली, श्वास सोडताना जीभ हनुवटीकडे बाहेर, नजर भुवयांच्या मध्ये. तीन वेळा. इथे मी नेहमी नृसिंह सांगायचो : उंबरठा, सायंकाळ, मांडीवर हिरण्यकशिपू. तलासरीजवळच्या एका पाड्यावरही तेच सांगितलं. बायका गप्प. जीभ कुणी बाहेर काढेना. मला वाटलं, लाजताहेत. शेवटी एक म्हातारी म्हणाली, वाघ आमच्याकडे वेशीवर असतो. वाघबारशीला आम्ही त्याला पुजतो. तो कुणाला मांडीवर घेऊन फाडत नाही.

मी सिंह म्हणालो होतो, तिनं वाघ ऐकला. पण चूक तिची नव्हती. वारल्यांचा वाघदेव त्या वेशीवर माझ्या नृसिंहाच्या आधीपासून बसलेला. आणि शास्त्र म्हणून पाहिलं तरी मीच अडकलो होतो. प्रयत्न सैल व्हावा म्हणून गोष्ट सांगायची, आणि ती परकी असेल तर ऐकणारा उलट आखडतो. मग गोष्ट टिकवायची की आसन? मी म्हातारीलाच विचारलं, तुमचा वाघ कसा बसतो? तिनं बसून दाखवलं. पाठ ताठ, हात पुढे, डोळे मोठे. जीभ नव्हती, पण बाकी सगळं सिंहासनच!

तेव्हापासून तिकडे मी नृसिंह सांगत नाही, डहाणूत सांगतो. हे दुटप्पी आहे, असं माझे एक सहकारी म्हणतात. शास्त्र एक आणि पुराण गावोगाव वेगळं, हे त्यांना पटत नाही. त्यांचं म्हणणं मी खोडून काढू शकलेलो नाही. पाड्यावर जीभ बाहेर येते, एवढंच मला ठाऊक आहे.

आता पुन्हा पहिल्या बैठकीत या. खुर्चीवर असाल तर पाऊल पूर्ण टेकवा. श्वास रोखू नका, रक्तदाब असणाऱ्यांनी तर नाहीच. डोक्यावर पृथ्वी आहे. दहा श्वास मोजा, मग प्रश्न घेऊ.