दारणेचा मासा आणि त्याची दोन पंचांगे

विलायतेत आणि अमेरिकेत ट्राउट नावाचा मासा गळाने धरण्याचा मोठा छंद आहे. गळाला पिसे आणि धागा बांधून खोटी माशी तयार करतात आणि ती अलगद पाण्यावर टाकतात. मासा तिला खरा किडा समजून भुलतो. या माशाला थंड पाणी लागते. उंच धरणाच्या तळातून सुटणारे पाणी उन्हाळ्यातही गार असते; म्हणून तिकडे कित्येक धरणांच्या खाली ट्राउट बारमाही टिकतो. इंग्रजांनी तो आपल्याकडे काश्मीर, कुलू आणि निलगिरी अशा थंड मुलखांत आणून सोडला. नाशिकच्या उन्हात त्याचा निभाव लागायचा नाही. परंतु धरणामुळे माशाचे दिनमान बदलते, ही गोष्ट आपल्या दारणेलाही लागू आहे.

दारणा इगतपुरीच्या डोंगरांत उगम पावते आणि दारणासांगवीपाशी गोदावरीला मिळते. नांदगावजवळचे तिच्यावरचे धरण १९१६ सालचे. या धरणाचे पाणी नदीच्याच पात्रातून नांदूरमधमेश्वरच्या बंधाऱ्यापर्यंत जाते आणि तिथून गोदावरीच्या डाव्या-उजव्या कालव्यांना लागते. म्हणजे नदी हाच कालवा! त्यामुळे इथल्या माशाला दोन पंचांगे सांभाळावी लागतात, एक पावसाचे आणि दुसरे आवर्तनाचे.

पावसाचे पंचांग जुने आहे. मृगाच्या सरी पडून ओढे वाहू लागले, की मासे उलट्या धारेने वर चढतात. हाच आपला चढणीचा मासा. त्याच्या पोटात गाभोळी असते आणि ती उथळ, नव्या पाण्यात टाकायला तो निघालेला असतो. नेमके तेव्हाच ओढ्याच्या तोंडाशी जाळे लागते. पेरणीला काढलेले बियाणे दळून खाणाऱ्याला तुम्ही काय म्हणाल? मरळीची तऱ्हा आणखी निराळी. तिची तांबूस पिल्ले पाण्याच्या वरच्या थरात घोळक्याने फिरतात आणि आईबाप खाली पहारा देतात. जाणता गळकरी तो घोळका पाहून मरळ कुठे आहे ते ओळखतो. त्या वेळी ती धरली, तर पिल्लांना राखणारे कोणी उरत नाही.

श्रावण-भाद्रपदात धरणाचे दरवाजे उघडतात, पाणी गढूळ होते. तेव्हा गळ घरी टांगलेला बरा. आश्विनात पाणी निवळले, की खरा हंगाम सुरू होतो. बांबूची दांडी, मोरपिसाच्या देठाचा तरंगा आणि गळाला गांडूळ किंवा नाकतोडा एवढे पुरते. पौषात निफाडकडे थंडी अशी पडते, की मासाही सुस्तावतो. ऊन चढल्याशिवाय तो तोंड उघडत नाही.

यापुढे दुसरे पंचांग चालू होते. आवर्तन सुटले, की पाणी काठच्या गवतात शिरते, किडे-मुंग्या वाहून येतात आणि त्यांच्यामागे मासा काठाला येतो. गळकऱ्याला हे बरे. पण आवर्तन थांबले म्हणजे पाणी भराभर उतरते. उथळ खळग्यांत राहिलेली पिल्ले बगळ्यांच्या तोंडी जातात आणि वाचलेले मासे डोहात दाटी करतात. चैत्र-वैशाखातला असा डोह दिसला, की कुणाला तरी सुरुंगाची दारू आठवते, कुणाला विष. एका दणक्यात लहानमोठे सारे उलटे होऊन वर येतात. हा गुन्हा आहे, आजचा नव्हे, १८९७ च्या कायद्यापासूनचा.

यावर कोणी म्हणेल, तलावात मत्स्यबीज सोडतातच की! सोडतात, पण ते बहुतेक रोहू, कटला, मृगळ यांचे. हे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले मासे, साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. १९५७ साली कटकला डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशाच्या मेंदूलगतच्या ग्रंथीचा अर्क टोचून त्यांची वीण घडवून आणली, तेव्हापासून त्यांचे बियाणे हवे तेवढे करता येऊ लागले. आपल्या नदीतल्या शिवड्याचे आणि वामीचे बियाणे मात्र सहसा कोणी पिशवीत भरून आणत नाही. ते त्या वैशाखातल्या डोहातच असते.

गुरुजींनी मुलांना हे पुलावरून दाखवावे. काठीवर खुणा करून पाण्याची रोजची चढ-उतार वहीत मांडली, तर दोन्ही पंचांगे वर्षभरात मुलांच्या हाती येतील. मात्र आवर्तनाच्या दिवसांत पात्रातल्या खडकावर कुणाला बसू देऊ नये. वर धरणातून पाणी सुटते तेव्हा इथले आभाळ निरभ्र असते.