चित्रवही घेऊन उंबऱ्याबाहेर

गेली तीस वर्षे माझ्या दवाखान्यात एक प्रश्न मी वारंवार ऐकत आलो आहे. तपासण्यांचे अहवाल ठीक असतात. जेवण मात्र निम्म्यावर आलेले असते, झोप तुटक झालेली असते, पोट साफ होत नसते. "सकाळी थोडे बाहेर पडत चला" असे मी सुचवले की समोरची वृद्ध व्यक्ती शांतपणे विचारते, "बाहेर पडून करायचं काय, डॉक्टर?" या प्रश्नाला गोळ्यांच्या यादीत उत्तर नाही, आणि बरीच वर्षे माझ्याकडेही नव्हते.

आज ज्या काकांविषयी लिहितो आहे, त्यांची ओळख पटणार नाही इतके तपशील मी बदलले आहेत. लिहिण्याची परवानगीही त्यांनी दिली आहे. ते पाटबंधारे खात्यातून आरेखक म्हणून निवृत्त झाले. वय ७६. पत्नी चार वर्षांपूर्वी गेल्या. एका पहाटे बाथरूमकडे जाताना ते पडले, खुब्याचे हाड मोडले आणि शस्त्रक्रिया करावी लागली. पाय घसरला असावा, असे सर्वांनी गृहीत धरले. हाड उत्तम जुळले. सहा महिन्यांनी काका काठी घेऊन घरभर हिंडत होते, पण गॅलरीच्या पलीकडे त्यांनी पाऊल टाकले नव्हते. मुलगा आणि सून दोघेही मायाळू, आणि म्हणूनच धास्तावलेले. "एकटे सोडू नका, जपा" हा सल्ला त्यांना मीच दिला होता. सर्वांनी जपले, आणि जपता जपता माणूस खुर्चीत बसवून ठेवला. वजन पाच किलोने उतरले तेव्हा कुठे मला माझ्या सल्ल्याची दुसरी बाजू दिसू लागली.

उत्तर आले ते वास्तुकलेच्या एका विद्यार्थिनीकडून. खोकल्याचे औषध घ्यायला आलेल्या या मुलीच्या खांद्यावर मोठी वही होती. रविवारी सकाळी दहा-पंधरा जण शहरात एखाद्या ठिकाणी जमतात, दोन तास समोर दिसेल ते काढतात, मग चहा घेऊन घरी जातात, असे तिने सांगितले. शुल्क नाही, शिक्षक नाही, स्पर्धा नाही.

जागेवर बसून शहर रेखाटण्याच्या या उपक्रमाला जगभर 'अर्बन स्केचर्स' या नावाने ओळखतात. सिएटल येथील वृत्तपत्रात काम करणारे चित्रकार-पत्रकार गॅब्रिएल कॅम्पनारिओ यांनी २००७ मध्ये त्याची सुरुवात केली. नियम मोजके आहेत. चित्र प्रत्यक्ष जागेवर, डोळ्यांनी पाहून काढायचे. आपल्या स्थळाशी आणि काळाशी प्रामाणिक राहायचे. एकमेकांना साथ द्यायची. आपल्याकडे ही कल्पना अगदीच परकी मानण्याचे कारण नाही. नाशिकच्या गोदाघाटावर शिवाजी तुपे यांच्यासारख्या चित्रकारांनी आयुष्यभर हेच केले, आणि कला महाविद्यालयांतील मुले आजही 'आउटडोअर'ला जातात. फरक इतकाच की या गटात बँकेतून निवृत्त झालेल्या बाई, रिक्षाचालक आणि शाळकरी मूल शेजारी शेजारी बसू शकतात.

मी काकांना हे सांगितले तेव्हा त्यांचा चेहरा खुलला असे मुळीच नाही. "मी नकाशे काढले, चित्रं नाहीत. पट्टीशिवाय माझी रेघ सरळ येत नाही," ते म्हणाले. मग थोडे थांबून पुटपुटले, "इंटरमिजिएटला मात्र बी ग्रेड होती." एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा आठवणारी मंडळी हा मजकूर वाचत असतील. वस्तुचित्रातला तो तांब्या आणि शेजारचे ते वांगे कोणाला विसरता आले आहे?

पहिली भेट विश्रामबागवाड्यापाशी होती. दुसऱ्या बाजीरावांनी १८०७ च्या सुमारास बांधलेल्या या वाड्याचा दर्शनी भाग लाकडी कोरीवकामाचा आहे. एरवी बाजीराव रस्त्यावरून जाताना वाहनांच्या गर्दीत तिकडे मान वर करून पाहण्याची सोय नसते. रविवारी सकाळी सातला मात्र रस्ता बराच मोकळा होता. मी मुद्दाम गेलो होतो. मुलाने काकांना समोरच्या पदपथावर खुर्चीत बसवले आणि स्वतः गाडीत जाऊन फोन पाहत बसला. पहिली पंधरा मिनिटे काकांनी काहीच केले नाही. नंतर त्यांनी संपूर्ण वाडा सोडून दिला आणि सुरूच्या आकाराचा एकच खांब काढायला घेतला. रेघ वाकडी आली की ते चुकचुकत. शेजारची मुलगी म्हणाली, "काका, खांबही दोनशे वर्षांत थोडा वाकलाच असेल." ते हसले. त्या सहा महिन्यांत मी त्यांना हसताना पाहिले नव्हते.

शेवटी सर्वांनी आपापल्या वह्या जमिनीवर शेजारी शेजारी उघडून ठेवल्या. या गटांमध्ये तशी रीतच आहे. एकाच वाड्याची तेरा रूपे तिथे पसरली होती. कोणी कोणाला गुण दिले नाहीत.

या दोन तासांत नेमके काय घडते, हे डॉक्टर म्हणून मी समजून घेण्याचा प्रयत्न केला आहे. फिरायला जाणाऱ्या वृद्धाला चालत राहावे लागते. दमून कट्ट्यावर बसले की आपण अडगळ झाल्यासारखे वाटते. वही हातात असली की बसण्याला कारण मिळते. लोकांमध्ये असूनही सतत बोलावे लागत नाही, ही ऐकू कमी येणाऱ्यांसाठी केवढी मोठी सोय आहे! नजर दूर जाते, कागदावर येते, पुन्हा दूर जाते. लक्ष एका जागी ठरते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये कला आणि आरोग्य यांच्या संबंधावर तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला आहे. कलेत सहभाग घेतल्याने मनःस्वास्थ्याला आणि आजारपण सोसण्याच्या शक्तीला मदत होते, असे त्यातून दिसते. मात्र चित्र काढल्याने मधुमेह बरा होतो किंवा स्मृतिभ्रंश टळतो, असे कोणी सांगू लागल्यास विश्वास ठेवू नये. वजन घटणे, झोप उडणे, कशातच रस न वाटणे ही लक्षणे नैराश्याचीही असू शकतात. त्यासाठी उपचार लागतात आणि ते उपलब्ध आहेत. वही हा त्यांना पर्याय नव्हे.

आता जे घडले ते सांगणे मला अवघड जाते, तरीही सांगतो.

तिसरी भेट महात्मा फुले मंडईत होती. मध्यभागी अष्टकोनी मनोरा असलेली ही दगडी वास्तू १८८६ पासून उभी आहे. तेव्हा तिचे नाव 'रे मार्केट' होते. (नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुल्यांनी या बांधकामावरील खर्चाला विरोध केला होता. तो पैसा शिक्षणासाठी वापरावा असे त्यांचे म्हणणे होते. पुढे त्याच इमारतीला त्यांचे नाव मिळाले.) त्या दिवशी मी नव्हतो. काकांनी तासभर मनोरा काढला, काठी घेऊन उठले आणि दोन पावलांवर त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. गटातील दोघांनी त्यांना अलगद खाली बसवले, पाय उंच केले, पाणी दिले. पाच मिनिटांत ते सावरले. सोमवारी मुलगा दवाखान्यात आला तो चिडूनच. "डॉक्टर, हे आता बंद. पुन्हा हाड मोडलं तर कोण बघणार?"

त्याचे म्हणणे चूक नव्हते. मी काकांना तपासणीच्या टेबलावर झोपवून रक्तदाब मोजला आणि मग उभे करून मोजला. उभे राहिल्यावर वरचा आकडा तीसने खाली आला. उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत तो वीस किंवा त्याहून अधिक उतरला, तर ती धोक्याची खूण असते. रक्तदाबाच्या दोन गोळ्या, प्रोस्टेटची एक गोळी, आणि बाहेर लघवीची पंचाईत नको म्हणून सकाळपासून पाणी न पिणे, असा तो हिशेब होता. मग माझ्या लक्षात आले की त्या पहाटेही ते अंथरुणातून झटकन उठूनच बाथरूमकडे निघाले होते. पाय बहुधा घसरला नव्हताच. सहा महिने मी त्यांचा रक्तदाब बसवूनच मोजत होतो. त्यांना घरात बसवल्यामुळे ते सुरक्षित झाले नव्हते. पडण्याचे कारण त्यांच्यासोबत घरातच बसून होते. मंडईतल्या त्या चकरेने ते उघड झाले.

मी मुलाला हे सर्व स्पष्ट सांगितले. औषधांची फेरमांडणी केली, एक गोळी कमी केली आणि दर आठवड्याला उभे करून रक्तदाब पाहू लागलो. आपल्या घरातील ज्येष्ठ व्यक्ती एकदा जरी पडली असेल, तर डॉक्टरांना "उभं करूनही मोजाल का?" असे अवश्य विचारा. त्यात संकोच कसला? गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका.

बाहेर जाण्याची तयारी यापेक्षा फार निराळी नसते. बाजारात मिळणारे घडीचे लहान स्टूल तरुणांसाठी ठीक. ज्यांचे गुडघे किंवा खुबे दुखतात त्यांना त्यावरून उठताच येत नाही. गुडघ्याइतक्या उंचीची, पाठ आणि हात असलेली घडीची खुर्ची घ्यावी. दर अर्ध्या तासाने उठावे. उठण्याआधी पावले दहा-बारा वेळा वर-खाली हलवावीत, क्षणभर खुर्ची धरून उभे राहावे, मग चालावे. जवळचे स्वच्छतागृह आधी पाहून ठेवले की पाणी पिण्याची भीती उरत नाही. लघवी वाढवणारी गोळी सकाळी घेणाऱ्यांनी त्या दिवशीची वेळ डॉक्टरांना विचारून ठरवावी. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी न्याहारी केल्याशिवाय निघू नये. खिशात ग्लुकोज पावडर असावी. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे वाटणे जाणवताच तीन चमचे पाण्यातून घ्यावी आणि पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी. पायांची संवेदना कमी झालेल्यांनी चपलेऐवजी बंद बूट घालावेत. ऊन चढण्याआधी, साडेनऊच्या सुमारास परतावे. पांढऱ्या कागदावर पडलेले ऊन डोळ्यांना फार त्रास देते, म्हणून वही नेहमी सावलीत धरावी.

मोतीबिंदू असलेल्यांना रंग पिवळट-तपकिरी दिसू लागतात, आणि हे इतके हळूहळू घडते की त्यांना कळतही नाही. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांच्या उतारवयातील चित्रांत लाल-तपकिरी छटा वाढत गेल्या. १९२३ मध्ये त्यांच्यावर मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. आपल्या आजींनी आकाश मातकट रंगवले तर त्यांची चेष्टा न करता नेत्रतज्ज्ञांकडे घेऊन जावे.

"हात थरथरतो, मग रेघ कशी येणार?" असे पुष्कळ जण विचारतात. कंपवाताची थरथर हात विसावलेला असताना अधिक असते आणि कामाला लागल्यावर बहुधा कमी होते. अक्षर मात्र बारीक होत जाते, म्हणून अशांनी मोठा कागद घ्यावा. दुसरी एक थरथर नेमकी पेन धरल्यावर वाढते. त्यांनी कोपरापासून हात फळीवर टेकवावा आणि जाड खडू किंवा कोळसा वापरावा. अंगठ्याच्या सांध्यात संधिवात असल्यास पेन्सिलीभोवती कापड गुंडाळून ती जाड करावी. थरथरत्या हाताने काढलेली झाडे पुष्कळदा स्थिर हाताच्या झाडांपेक्षा अधिक खरी दिसतात, असे माझे मत आहे. मी चित्रकार नाही, तेव्हा ते सोडून दिले तरी चालेल.

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी थोडे. स्मृतिभ्रंश असलेल्या आईला नेत असाल, तर तिच्या ओळखीचे ठिकाण निवडा, अर्धा तास पुरे माना, आणि "हे काय काढलंस?" असे विचारून तिची परीक्षा घेऊ नका. तिच्या खिशात नाव आणि फोन क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवा. जे अंथरुणाला खिळले आहेत त्यांना नेता येणार नाही. अशा वेळी पंधरा दिवसांतून एकदा कोणाला तरी घरी बसवून तुम्हीच जा. माझ्या पाहण्यातल्या एक काकू पतीला स्पंजिंग करून, भावाच्या हवाली करून दोन तास येतात. बरेचदा त्या चित्र काढतच नाहीत, नुसत्या बसतात. गटाला त्याचे काही वाटत नाही.

मुलगा लगेच तयार झाला नाही. एक महिना गेला. उभे राहिल्यावरचा रक्तदाब स्थिरावला, काकांनी गॅलरीतून समोरच्या इमारतीवरच्या पाण्याच्या टाक्या काढून वहीची अकरा पाने भरली, आणि एक दिवस सूनबाईच म्हणाल्या, "टाक्या संपल्या आता. बाबांना दुसरं काहीतरी दाखवायला हवं."

येत्या रविवारी गट पाताळेश्वरला जमणार आहे. जंगली महाराज रस्त्यावरचे हे लेणे एकाच कातळात कोरलेले आहे, आणि समोरच्या अंगणातला नंदीचा वर्तुळाकार मंडप काढायला काकांचा हात शिवशिवतो आहे. वर्तुळ पट्टीने येत नाही, हे त्यांनी मला दोनदा सांगितले. मात्र अंगण रस्त्याच्या पातळीच्या खाली आहे. शनिवारी संध्याकाळी ऑफिसातून परतताना मुलगा तिथे जाऊन पायऱ्या मोजणार आहे, आणि धरायला कठडा कोणत्या बाजूला आहे तेही पाहून येणार आहे.