मोटारीच्या मूळ रिमसाठी टायरच्या रुंदीची निवड : एक विवेचन

प्रस्तावना

मोटार आणि रस्ता यांचा प्रत्यक्ष संबंध चार टायरांच्या जमिनीला टेकलेल्या भागांपुरताच येतो. हा प्रत्येक भाग साधारणतः हाताच्या पंजाएवढा असतो. इंजिन कितीही शक्तिमान असो वा ब्रेक कितीही सक्षम असोत, त्यांचे कार्य अखेर या चार पंजांवरच अवलंबून राहते.

मीरा-भाईंदर परिसरातील वाहनचालकास काशिमिऱ्याजवळून जाणारा मुंबई-अहमदाबाद राष्ट्रीय महामार्ग, घोडबंदर मार्गावरील गायमुखचा घाट आणि गतिरोधकांनी भरलेले शहरातील अंतर्गत रस्ते अशा तीन भिन्न प्रकारच्या मार्गांवर वाहन चालवावे लागते. पावसाळ्याच्या चार महिन्यांत हे सर्वच मार्ग ओले असतात. दुसरीकडे, टायर जितका रुंद तितकी पकड अधिक, असा समज विशेषतः तरुण वर्गात रूढ आहे. कारखान्यातून आलेली मूळ रिम कायम ठेवून टायरची रुंदी कितपत वाढविणे युक्त ठरते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

टायरवरील अंकांचा अर्थ

महाराष्ट्रात तयार झालेल्या दोन स्पोर्टी मोटारी येथे उदाहरणादाखल घेता येतील. चाकण येथील फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय ही मोटार २०१३ मध्ये बाजारात आली, तेव्हा तिला १८५/६० आर १५ या मापाचे टायर होते. पुढे १९५/५५ आर १६ हे माप आले. रांजणगाव येथील १४५ अश्वशक्तीच्या अबार्थ पुंटोलाही २०१५ मध्ये १९५/५५ आर १६ हेच माप देण्यात आले होते. या दोन्ही मोटारींचे भारतातील उत्पादन आता थांबले आहे. तथापि रस्त्यावर असलेल्या अशा मोटारींचे मूळ टायर झिजल्यावर नवे माप कोणते घ्यावे, हा प्रश्न मालकासमोर येतोच.

१९५/५५ आर १६ ८७ व्ही या संकेतातील १९५ हा आकडा टायरची मिलिमीटरमधील नाममात्र रुंदी दर्शवितो. ५५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ५५ टक्के आहे. आर हे अक्षर रेडियल रचनेचे, तर १६ हा रिमचा इंचांतील व्यास होय. ८७ या भारांकाचा अर्थ प्रत्येक टायरवर कमाल ५४५ किलोग्रॅम आणि व्ही या अक्षराचा अर्थ कमाल वेग ताशी २४० किलोमीटर असा आहे. या टायरचा एकूण व्यास सुमारे ६२१ मिलिमीटर भरतो.

रिमची मर्यादा

नाममात्र रुंदी ही एका ठराविक मापन-रिमवर मोजलेली असते, ही बाब सहसा दुर्लक्षिली जाते. १९५/५५ आर १६ साठी ही मापन-रिम ६ इंच रुंदीची, तर २१५/५० आर १६ साठी ७ इंच रुंदीची असते. रिम अर्ध्या इंचाने अरुंद झाली की टायरची प्रत्यक्ष रुंदी सुमारे ५ मिलिमीटरने घटते. समजा, मूळ रिमवर ६ जे × १६ असे कोरलेले आहे. म्हणजे तिची रुंदी ६ इंच आहे. तिच्यावर २१५ चा टायर चढविल्यास तो सुमारे २०५ मिलिमीटरच भरेल. कागदावर २० मिलिमीटरची वाढ दिसते, परंतु तिच्यातील निम्मी वाढ अरुंद रिममुळे नाहीशी होते.

हानी एवढ्यावरच थांबत नाही. अरुंद रिमवर रुंद टायर बसविला की त्याच्या बाजू फुगतात, मधला भाग किंचित उंचावतो आणि वळणावर टायर रिमच्या तुलनेत डोलू लागतो. ज्या चपळाईसाठी खर्च केला, तीच उणावते. याउलट फार अरुंद टायर ताणून बसविल्यास रिमची कड उघडी पडते आणि खड्ड्यांत वाकते. यासाठीच प्रत्येक मापाला चालणाऱ्या रिम-रुंदीची मर्यादा प्रमाणक संस्थांनी ठरवून दिलेली असते. भारतात हे कार्य इंडियन टायर टेक्निकल ॲडव्हायजरी कमिटी करते.

संपर्कक्षेत्र आणि पाणी

टायरचे संपर्कक्षेत्र प्रामुख्याने त्यावरील भार आणि आतील हवेचा दाब यांवरून ठरते. चाकावर ३२० किलोग्रॅम भार आणि ३२ पीएसआय दाब असेल, तर हे क्षेत्र ढोबळमानाने १४२ चौरस सेंटिमीटर येते. रुंदी वाढविल्याने हे क्षेत्र फारसे वाढत नाही. ते आडवे रुंद आणि लांबीला आखूड होते. कोरड्या वळणावर हा आकार उपकारक ठरतो आणि स्टिअरिंगला प्रतिसाद लवकर मिळतो. रुंद टायरचा खरा लाभ तो हाच.

ओल्या रस्त्यावर मात्र तोच आकार प्रतिकूल ठरतो. रुंद टायरला समोरचे अधिक पाणी बाजूला सारावे लागते आणि आखूड संपर्कक्षेत्रामुळे त्यास वेळही कमी मिळतो. नासाच्या १९६० च्या दशकातील प्रयोगांतून टायर पाण्यावर तरंगू लागण्याच्या वेगाचे एक सूत्र निघाले. गुळगुळीत टायर आणि पुरेसे साचलेले पाणी गृहीत धरल्यास ३२ पीएसआय दाबाला हा वेग ताशी सुमारे ९४ किलोमीटर येतो. दाब २४ वर उतरला की तो सुमारे ८२ पर्यंत खाली येतो. यावरून योग्य दाब आणि पुरेशा खोल खाचा यांचे महत्त्व रुंदीपेक्षा कमी नाही, हे स्पष्ट होते. खाचांची खोली १.६ मिलिमीटरवर आली की टायर बदलणे आवश्यकच आहे.

अन्य परिणाम

२०५/५५ आर १६ हा टायर घेतल्यास व्यास सुमारे १.८ टक्क्यांनी वाढतो. वेगमापक ८० दाखवीत असता प्रत्यक्ष वेगात सुमारे दीड किलोमीटरची भर पडते. २०५/५० आर १६ घेतल्यास व्यास दीड टक्क्याने घटतो आणि मोटार जमिनीपासून सुमारे ५ मिलिमीटर खाली येते. गतिरोधकांवर हा फरक जाणवतो. शिवाय रुंद टायर सामान्यतः जड असल्याने इंधनाचा खर्चही वाढतो. स्टिअरिंग पूर्ण फिरविल्यावर टायर मडगार्डला वा शॉक ॲब्सॉर्बरला घासत नाही ना, हेही पाहावे लागते.

कायद्याची बाजूही विचारात घ्यावयास हवी. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ चा रोख निर्मात्याने मूलतः दिलेल्या तपशिलाशी विसंगत बदल रोखण्याकडे आहे. म्हणून मालक-पुस्तिकेत दिलेल्या पर्यायी मापांना प्राधान्य देणे श्रेयस्कर ठरते.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात.

१) निवडीचा आरंभ टायरच्या आकड्यापासून नव्हे, तर रिमवर कोरलेल्या रुंदीपासून करावा.
२) मूळ रिमवर फार तर एक पायरी, म्हणजे १० मिलिमीटरची वाढ विचारात घ्यावी. व्यासातील फरक दोन टक्क्यांच्या आत ठेवावा आणि भारांक मूळ टायरपेक्षा कमी नसावा.
३) एकाच ॲक्सलवरील दोन्ही टायर समान मापाचे व समान नक्षीचे असावेत.
४) पावसाळी प्रदेशात, उपलब्ध रक्कम रुंदीवर खर्च करण्यापेक्षा मूळ मापातील अधिक दर्जेदार टायरवर खर्च करणे हितावह होय.

आपल्या विद्यार्थ्यांपैकी अनेकजण पहिली मोटार घेण्याच्या वयात आहेत. भार, दाब आणि क्षेत्रफळ यांचा संबंध त्यांनी शालेय भौतिकशास्त्रात शिकलेला असतो. तोच संबंध गायमुखच्या ओल्या वळणावर त्यांच्या जीविताशी निगडित आहे, ही जाणीव त्यांना करून देणे हे अध्यापकाचेही कर्तव्य ठरते.