वाक्प्रचारांमागच्या गोष्टी आणि रोनाचा चंद्र

परदेशात वाढणाऱ्या मुलांची मराठी नेमकी कुठून विरळ होत जाते? न्यूझीलंडमधल्या आमच्या घरापुरतं उत्तर सांगते. 'पाणी दे', 'भूक लागली', 'झोप आली' हे सगळं टिकतं, कारण ते रोज लागतं. आधी जातात ते वाक्प्रचार. शब्द ओळखीचे असतात, पण अर्थ हाताला लागत नाही.

परवा व्हिडिओ कॉलवर सासूबाई म्हणाल्या, "गुडघेदुखी काय, माझ्या पाचवीलाच पुजलीय!" माझी नऊ वर्षांची लेक गंभीरपणे म्हणाली, "आजी, इयर फाइव्हपासून दुखतायत तुझे गुडघे?" आजींना हसू आवरेना. मग त्यांनी सगळं नीट सांगितलं. बाळ जन्मलं की पाचव्या-सहाव्या रात्री सटवाईची पूजा करतात. पाटा-वरवंटा मांडतात, जवळ कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी त्याचं नशीब लिहून जाते, असं मानतात. म्हणून जे जन्मभर पाठ सोडत नाही, ते पाचवीला पुजलेलं. लेकीने लगेच विचारलं, "माझ्या वेळी कागद ठेवला होता का?" त्या दिवशीचा कॉल चांगला तासभर चालला. एरवी 'कशी आहेस, जेवलीस का' यावर तो पाच मिनिटांत संपतो.

तेव्हापासून आमच्या घरी हा नादच लागला आहे. 'नमनाला घडाभर तेल' घ्या. पूर्वी लोकनाट्याचे खेळ रात्री मशालींच्या उजेडात व्हायचे. नमन लांबलं की मशालींचं तेल त्यातच जळून जायचं, खेळ राहिला बाजूला! आपल्या मंडळांच्या कार्यक्रमात प्रास्ताविक आणि आभार संपता संपत नाहीत, तेव्हा या म्हणीचा अर्थ मुलांना वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

'ध चा मा' मात्र अवघड निघाला. 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला. त्यांना 'धरावे' असा हुकूम होता आणि आनंदीबाईंनी 'ध'चा 'मा' करून 'मारावे' केलं, अशी आख्यायिका आहे. इतिहास म्हणून ती कितपत खरी, हा वाद वेगळा. पण एका अक्षराने माणूस जातो, हे तिच्याइतकं नेमकं कुणी सांगितलेलं नाही. अडचण अशी की आमची मुलं मराठी लिहिलीच तर रोमन लिपीत लिहितात. अक्षरओळख नसेल, तर या गोष्टीतली गंमतही कळत नाही. बाराखडी कशाला हवी, असं विचारणाऱ्या मुलांना मी आता हीच गोष्ट सांगते.

आणि मग चंद्र. उगाच चोरीचा आळ आला की आपण म्हणतो, चवथीचा चंद्र पाहिला वाटतं! उंदरावरून पडलेल्या गणपतीला चंद्र हसला आणि शाप घेऊन बसला. त्या रात्री चंद्र पाहिल्यामुळे प्रत्यक्ष श्रीकृष्णावर स्यमंतक मणी चोरल्याचा आळ आला. हे ऐकून लेक म्हणाली, "म्हणजे रोनासारखंच!" ती गोष्ट तिला शाळेत सांगितली होती. ही माओरी लोककथा आहे. रोना रात्री पाणी आणायला निघाली. चंद्र ढगाआड गेला, अंधारात ती ठेचकाळली आणि तिने चंद्राला शिवी हासडली. चंद्र खाली उतरला आणि तिला उचलून घेऊन गेला. तिने 'नायो' नावाचं झाड घट्ट धरलं होतं, ते मुळासकट उपटलं गेलं. भोपळ्याच्या भांड्यासह ती अजून चंद्रावर दिसते म्हणतात. त्यावरून माओरीत म्हणच आहे: रोनाचं काय चुकलं ते लक्षात ठेव. म्हणजे जिभेला आवर घाल. इथून चंद्र भारताच्या मानाने उलटा दिसतो, शुक्ल पक्षातली कोर डावीकडून उजळते. आपला ससा इथे डोक्यावर उभा! तरी शिकवण दोन्हीकडे एकच.

माओरी भाषेवर तर फारच वाईट वेळ आली होती. एकेकाळी शाळेत ती बोलल्याबद्दल मुलांना शिक्षा व्हायची. 14 सप्टेंबर 1972 रोजी 30 हजारांहून जास्त सह्यांचा अर्ज संसदेला दिला गेला. 1982 मध्ये वेलिंग्टनजवळच्या वायनुइओमाता इथे पहिलं 'कोहांगा रेओ', म्हणजे भाषेचं घरटं, सुरू झालं. 1987 मध्ये माओरी अधिकृत भाषा झाली. या घरट्यांची कल्पना अगदी साधी होती. ज्यांना भाषा येते ते आजी-आजोबा आणि लहान मुलं एकत्र बसवायची, आणि दिवसभर माओरीतच बोलायचं.

आमच्या मुलांचे आजी-आजोबा सात समुद्रापलीकडे आहेत, म्हणून आमचं घरटं फोनच्या पडद्यावरच बांधावं लागणार. भारतात हे वाचणाऱ्या आजी-आजोबांना म्हणूनच एक विनंती आहे. नातवंडांना समजावं म्हणून सोपी, सपक मराठी बोलू नका. तुमच्या नेहमीच्या बोलण्यात येतं ते खुशाल येऊ द्या, आणि मुलं गोंधळली की त्यामागची गोष्ट सांगा. ती खरी की कल्पित, याची फार चिंता नको. वेळेचं गणित तेवढं सांभाळा: आम्ही तुमच्या साडेसहा तास पुढे असतो आणि उन्हाळ्यात साडेसात. तुमचं दुपारचं जेवण झालं की लगेच फोन करा. मुलं तेव्हा झोपायच्या तयारीत असतात, आणि गोष्ट ऐकायला त्यांना ती वेळ फार आवडते.