धूर निघतोय... पण कधी?

गाडीच्या सायलेन्सरमधून धूर निघाला की आपल्याकडे डॉक्टरांची कमी नसते. टपरीवाल्यापासून शेजारच्या काकांपर्यंत सगळे एकच निदान करतात, "इंजिन गेलं!" गॅरेजवालाही मान हलवतो आणि इंजिन उतरवायची तारीख देऊन टाकतो. आपण मेकॅनिकलवाले (आणि बाकीचेही, कारण सेकंडहँड गाडीची स्वप्नं हॉस्टेलवर सगळ्याच ब्रँचेसना पडतात) पैसे मोजण्याआधी निदान दोन प्रश्न तरी विचारू शकतो. धूर कुठल्या रंगाचा, हा पहिला. तो सगळेच विचारतात. धूर कधी येतो, हा दुसरा, आणि खरी मेख तिथेच आहे. रंगावरून आत काय जळतंय ते कळतं, पण ते आत शिरलं कुठून हे बऱ्याचदा वेळेवरूनच ओळखावं लागतं.

निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. (यामाहा आरएक्स १०० वाल्यांनी घाबरू नये. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबर जळण्यासाठीच टाकलेलं असतं.) फोर-स्ट्रोकमध्ये ऑइलला सिलिंडरात शिरायला मुख्य वाटा दोन. एक खालून, झिजलेल्या पिस्टन रिंगांच्या फटीतून. दुसरी वरून, व्हॉल्व्हच्या दांड्यावरून. त्या दांड्यावर रबराचं एक छोटं सील असतं, ते वर्षानुवर्षं तापून कडक होतं आणि ऑइल अडवेनासं होतं. दोन्हीकडे धूर निळाच! पण खर्चात जमीन-अस्मानाचा फरक. रिंगांसाठी पिस्टन बाहेर काढावे लागतात, बोअर तपासावा लागतो. सील मात्र बऱ्याच इंजिनांत हेड न उतरवताही बदलता येतात.

मग ओळखायचं कसं? रात्रभर गाडी उभी असताना वरचं ऑइल थेंब थेंब खाली झिरपतं. सकाळी पहिल्या स्टार्टला निळा भपका येतो आणि थोड्या वेळात गायब होतो. असं असेल तर संशय व्हॉल्व्ह सीलवर. पेट्रोल गाडीत आणखी एक परीक्षा आहे. समजा खंडाळ्याचा घाट उतरून तुम्ही खोपोलीकडे येताय, गाडी गिअरमध्ये आहे आणि अॅक्सिलरेटरवरून पाय काढलेला. थ्रॉटल बंद असल्यामुळे इनटेक मॅनिफोल्डमध्ये जोराचा व्हॅक्यूम तयार होतो आणि तो सीलमधून ऑइल ओढून घेतो. खाली येऊन पाय दाबला की मागे निळा ढग! हेही सीलचंच लक्षण. डिझेलला ही युक्ती नीट लागू पडत नाही, कारण तिथे असा व्हॅक्यूम फारसा नसतो. याउलट इंजिन गरम झाल्यावरही, चढावर किंवा जोर लावताना सतत निळा धूर येत असेल तर रिंगांकडे बघायचं. इंजिन चालू असताना ऑइल फिलरचं झाकण उघडलं आणि आतून फस् फस् करत धूर आला, तर संशय आणखी पक्का.

माझ्या रूम पार्टनरच्या बाबांची भाड्याने फिरणारी जुनी पेट्रोल गाडी आहे. घर त्या गाडीवर चालतं. फी भरायच्या महिन्यातच गॅरेजमध्ये सांगितलं, रिंग गेल्यात, पूर्ण इंजिन काम काढावं लागेल. धूर मात्र फक्त सकाळी, तोही अर्धा मिनिट. आमच्या वर्कशॉपच्या सरांनी फोनवरच सुचवलं, आधी कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या. सगळे प्लग काढायचे, इग्निशन आणि पेट्रोल तोडायचं, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून सेल्फ मारायचा आणि प्रत्येक सिलिंडरचा आकडा लिहायचा. मग चमचाभर ऑइल सिलिंडरात टाकून पुन्हा तेच करायचं. आकडा एकदम वर गेला तर रिंगा झिजल्यात, कारण टाकलेल्या ऑइलने तेवढ्यापुरती फट बुजते. नाही वाढला तर गळती व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटमधून. इथे पहिले आकडेच चारही सिलिंडरना चांगले आणि जवळपास सारखे आले. सील बदलले, धूर थांबला, फी पण भरली गेली.

टर्बो गाडीत तिसरी वाट असते, टर्बोच्या सीलमधून. डिझेलमध्ये हे फार बिघडलं तर इंजिन स्वतःच्या ऑइलवरच पळू लागतं आणि चावी बंद केली तरी थांबत नाही. अशा वेळी सगळ्यात वरचा गिअर टाकून, ब्रेक घट्ट दाबून क्लच सोडायचा आणि इंजिन बंद पाडायचं. हवेच्या पाइपला हात लावून तो बंद करायला जाऊ नये.

पांढरा धूर बघून थंडीत उगाच घाबरायला होतं. गणित करून बघा, १ लिटर पेट्रोल जळून साधारण १ लिटर पाणी तयार होतं! थंड सायलेन्सरमध्ये त्याची वाफ दिसणारच. ती चटकन विरते आणि गाडी तापली की बंद होते. पण गरम गाडीतूनही दाट, मागे रेंगाळणारा आणि गोडसर वासाचा पांढरा धूर आला तर कुलंट जळतोय. बहुतेक वेळा हेड गॅस्केट गेलेलं असतं. कुलंटची पातळी कमी होते, डब्यात बुडबुडे येतात, कधी ऑइल दुधाळ कॉफीसारखं दिसतं. इथे "घरापर्यंत नेऊ" हा विचार सगळ्यात महाग. इंजिन तापून हेड वाकतं, आणि सिलिंडरात पाणी साठलं तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी बाजूला घ्या, बंद करा, आणि गरम रेडिएटरचं झाकण अजिबात उघडू नका. दाबाखाली आतलं पाणी १०० अंशांच्या वरही उकळत नाही, झाकण काढताच ते अंगावर उसळतं. जुन्या डिझेलचा सकाळचा पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर वेगळा. ते न जळलेलं डिझेल असतं, ग्लो प्लगपासून तपासायला सुरुवात करा.

काळ्या धुराचं कारण सोपं, इंधन जास्त किंवा हवा कमी. १ किलो पेट्रोलला साधारण १४.७ किलो हवा लागते. आधी एअर फिल्टर बघा, मग इंजेक्टर आणि सेन्सर. कुलंटचा तापमान सेन्सर बिघडला तर गाडीच्या कॉम्प्युटरला इंजिन सदा थंडच वाटतं आणि तो पेट्रोल ओततच राहतो. जुनी डिझेल चढावर काळं ओकत असेल तर फिल्टर, नोझल आणि टर्बोचे पाइप तपासा. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, त्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर असतो. सायलेन्सरच्या टोकात बोट फिरवल्यावर काळं झालं तर तो फिल्टर फुटलाय किंवा कोणीतरी काढलाय.

आता सेकंडहँड घेणाऱ्यांसाठी. विकणाऱ्याला सांगून ठेवा की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. गेल्यावर आधी बॉनेटला हात लावा. ते कोमट लागलं तर सीलचा भपका तुमच्या आधीच येऊन गेलेला असू शकतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. पीयूसीच्या कागदावर जाऊ नका, पेट्रोल गाडीच्या पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात, धुराचा दाटपणा नाही. शिवाय कॅटॅलिटिक कन्व्हर्टर थोडंफार ऑइल जाळून धूर लपवतो. म्हणून ऑइलची काडी ओढून पातळी बघाच, आणि घाट चढून-उतरून येताना मागच्या सीटवर एक मित्र मागच्या काचेतून बघत बसलेला असू द्या.