शनिवार तेल्यांच्या घरचं मीठ

खारट पाण्याचं वाशीमकरांना नवल नाही. रिसोडच्या पलीकडे लोणार, उत्तरेला पूर्णाकाठचा खारपाण पट्टा. १९३० साली वाशीम अकोला जिल्ह्यात होतं, तेव्हा त्याच जिल्ह्यातल्या दहिहांड्याला खाऱ्या पाण्याचं मीठ काढून लोकांनी इंग्रजांचा कायदा मोडला. पण मिठाला थेट देवाच्या करारात बसवणारे मराठी लोक भेटायचे तर कोकणात उतरावं लागतं. अलिबाग, पेण, रोहा या भागातले बेने इस्राएल, म्हणजे आपले मराठी यहुदी. नवगावजवळ जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, त्यांचे हे वंशज, अशी त्यांची परंपरा सांगते. पूर्वी धंदा तेलाच्या घाण्याचा, पण शनिवारी घाणा बंद. गावानं लगेच नाव ठेवलं: शनिवार तेली!

शुक्रवारी सूर्य मावळला की शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, सुरू. द्राक्षारस नसेल तर काळ्या मनुकांचं सरबत चालतं. प्रार्थना म्हणून पावाचा किंवा चपातीचा तुकडा मिठाला लावायचा आणि मग तोंडात टाकायचा. आता मीठच का? तोरा या धर्मग्रंथाची आज्ञा आहे, मिठाशिवाय अर्पण नाही. इसवी सन ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेमचं मंदिर पाडलं. वेदीच उरली नाही, तेव्हा धर्मपंडितांनी घरचं जेवणाचं मेज हीच वेदी मानली आणि मीठ घरी आलं. त्या मंदिरात मिठाची वेगळी खोली होती. वेदीवर चढायचा उतार निसरडा झाला की याजक घसरू नयेत म्हणून त्यावरही मीठ पसरत. इतकी व्यवहारी धर्माज्ञा मला तरी फार आवडते.

मीठ कुजत नाही, म्हणून कधी न मोडणारा शब्द तो ‘मिठाचा करार’. दावीद राजाच्या घराण्याला राज्य मिळालं ते याच करारानं, असं बायबल म्हणतं. खाल्ल्या मिठाला जागणाऱ्या आपल्या लोकांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

स्वयंपाकघरात मात्र मिठाचं काम घाम काढणारं. रक्त खाणं निषिद्ध, म्हणून मटण अर्धा तास पाण्यात भिजवायचं, तासभर खडेमीठ लावून उतरत्या फळीवर ठेवायचं, मग तीनदा धुवायचं. बारीक मीठ लगेच विरघळतं, खडा टिकून रक्त ओढतो. परदेशी पाककृतींत दिसणारं ‘कोशर सॉल्ट’ ते हेच. कलेजीत इतकं रक्त असतं की तिथे मीठही हात टेकतं. ती विस्तवावरच भाजायची. मटणासोबत दूधदुभतं वर्ज्य, पण कोकणात नारळ असताना अडतंय कुणाचं?

पेसाहच्या सणाला गंमत उलटी. बेने इस्राएलांच्या जुन्या बोलीत हा ‘अनाशी धाकाचा सण’. या दिवसांतली बिनखमिराची भाकरी, म्हणजे मात्सा, परंपरेनं नुसती पीठ-पाण्याची, अळणी. मीठ असतं ते वाटीतल्या पाण्यात. मिसरातल्या गुलामीत गाळलेल्या अश्रूंची आठवण म्हणून भाजी त्यात बुडवून खायची. सणाच्या रात्री वाचायची हग्गादा ही पोथी पुण्यात १८७४ साली मराठी भाषांतरासह छापली गेली, आणि तिच्या चित्रात मात्सा करणाऱ्या बायका चक्क लुगड्यात आहेत.

बायबलकाळी नवजात बाळाला मीठ चोळत. नव्या घरात पाव आणि मीठ घेऊन जायची रीत आजही आहे. युरोपातले यहुदी दृष्ट लागू नये म्हणून मुलाच्या खिशात मीठ ठेवत. आपल्या मीठ-मोहरीचं चुलत भावंडच!

मीठ शिक्षाही करतं. बायबलमधलं सदोम शहर जळताना मागे वळून पाहिलं म्हणून लोटची बायको मिठाचा खांब झाली. ती जागा मृत समुद्राकाठची, आणि तिथलं पाणी समुद्रापेक्षा नऊपटीहून जास्त खारट. लोणारची गोष्ट लवणासुराची, ज्याला विष्णूनं मारलं. दोन्हीकडच्या पाण्याला मीठवेडे सूक्ष्मजीव रंग चढवतात: मृत समुद्र १९९२ मध्ये लालसर झाला, लोणार जून २०२० मध्ये गुलाबी.

वर्षातून एकदा मात्र मिठाला रजा. रोश हशानाला, म्हणजे ‘नव्याच्या सणाला’, येणारं वर्ष गोड जावं म्हणून पाव मधात बुडवतात. तरी कित्येक घरांत मिठाची वाटी मेजावर असतेच. उगाच कशाला जोखीम?